दहा फ्री थ्रोवरून खेळाडू ओळखता येतो का? छोट्या नमुन्याचा इतिहास



पेट, सेट, नेटची तयारी करताना आपण 'नमुना', 'प्रमाण त्रुटी' हे शब्द पाठ करतो. पण ते कोणत्या अडचणीतून जन्माला आले, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज खेळाच्या मैदानावरून जाऊ या.

समजा, कॉम्प्युटरवर चालणारी एक बास्केटबॉल लीग आहे आणि एका संघाचे व्यवस्थापक तुम्ही आहात. १९ वर्षांचा एक नवा पोरगा आलाय. त्याने १० फ्री थ्रो मारले, ९ आत गेले. म्हणजे ९० टक्के. त्याला मोठा करार द्यायचा का?

हा प्रश्न जुना आहे. जून १८९९ मध्ये इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कोलिन्स या १३ वर्षांच्या मुलाने शाळेतल्या सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. हा विक्रम ११६ वर्षं टिकला. कोलिन्स मात्र प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. तो सैन्यात गेला आणि १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा करून हा विक्रम मोडला. त्याच सामन्यात समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत बाद झाला होता. म्हणजे १००९ या आकड्यात प्रणवची गुणवत्ता आणि चिकाटी आहेच, पण समोरच्या गोलंदाजीची ताकदही त्यातच मिसळलेली आहे. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर आपण जे मोजतो आणि ज्याचं अनुमान काढतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

आता फेब्रुवारी १९८८. मुंबईचं आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. दोघांचे प्रशिक्षक एकच, रमाकांत आचरेकर. मैदान तेच, गोलंदाज तेच. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. त्या दिवशीच्या स्कोअरबुकात कांबळी पुढे होता.

पुढे कसोटीत काय झालं? कांबळीची सरासरी ५४.२०, सचिनची ५३.७८. इथंही कांबळी पुढेच! पण कांबळीचे डाव २१ आणि सचिनचे ३२९. फलंदाजाच्या धावांचा विखार, म्हणजे प्रमाण विचलन, ढोबळमानाने त्याच्या सरासरीएवढंच असतं. त्याला डावांच्या वर्गमुळाने भागा. कांबळीच्या सरासरीभोवती सुमारे १२ धावांची अनिश्चितता येते, तर सचिनच्या सरासरीभोवती सुमारे ३ धावांची. सरासरी जवळपास सारखी, पण एकीवर आपण चौपट भरवसा ठेवू शकतो. कांबळी कमी होता असं हे गणित म्हणत नाही. तो किती मोठा होता हे सांगायला पुरेसे डाव नव्हते, एवढंच ते म्हणतं.

मग कमी माहितीवरून अंदाज बांधायचा कसा? १८८६ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने दाखवलं की फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीच्या बाजूला थोडी सरकलेली असतात. टोकाचं निरीक्षण पुढच्या वेळी मध्याकडे झुकतं. १९६१ मध्ये जेम्स आणि स्टाइन यांनी यावर सूत्र दिलं : अनेक गोष्टींचा अंदाज एकत्र काढायचा असेल, तर प्रत्येक आकडा एका सामाईक सरासरीकडे थोडा ओढून घ्या, एकूण चूक कमी होते.

एफ्रॉन आणि मॉरिस यांनी हे १९७० च्या अमेरिकन बेसबॉल हंगामावर तपासलं. १८ खेळाडू, प्रत्येकाचे पहिले ४५ प्रयत्न. त्यावरून उरलेल्या हंगामाचा अंदाज. ओढलेल्या अंदाजांची एकूण चूक साध्या सरासरीच्या तुलनेत साडेतीन पटींनी कमी निघाली. पण त्यात रॉबर्टो क्लेमेंटे होता. ४५ पैकी १८ यशस्वी, म्हणजे ०.४००. सूत्राने त्याला ०.२९० च्या आसपास आणलं. प्रत्यक्षात तो उरलेल्या हंगामात ०.३४६ ने खेळला. सगळ्यांसाठी चांगलं असलेलं सूत्र नेमकं त्या थोर खेळाडूच्या बाबतीत चुकलं. का? क्लेमेंटे त्याआधी चार वेळा लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला होता, आणि ती माहिती सूत्राला दिलीच नव्हती. पूर्वमाहितीचा असा काटेकोर वापर हेरॉल्ड जेफ्रीज यांनी शिकवला. त्यांच्याच हाताखाली केंब्रिजला पीएच.डी. करून कोल्हापूरचे व. शं. हुजूरबाजार परत आले आणि त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग घडवला.

आता आपल्या पोराकडे येऊ. समजा लीगची सरासरी ७५ टक्के आहे आणि आपण तिला ३० प्रयत्नांचं वजन दिलं, म्हणजे ३० पैकी २२.५ यशस्वी. त्यात पोराचे १० पैकी ९ मिळवा : ३१.५ भागिले ४०, म्हणजे साधारण ७९ टक्के. दुसऱ्या खेळाडूने १५० पैकी १३५ मारले असतील, तर १५७.५ भागिले १८०, म्हणजे ८७.५ टक्के. दोघांचाही कच्चा आकडा ९० टक्केच!

इथं खरा प्रश्न सुरू होतो. हा पहिला पोरगा बहुतेक वेळा नांदेड-लातूरकडचा असतो आणि दुसरा मोठ्या शहरातला. ज्याचे सामने कमी नोंदले गेले, त्याला सूत्र सरासरीकडे जास्त ओढतं. सूत्र चुकीचं नाही, पण नोंदी विषम आहेत. २०११ मध्ये जालन्याच्या विजय झोलने महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. मराठवाड्यातल्या पोराकडे लक्ष जायला ४५१ लागावेत का? पन्नास-पन्नासचे वीस डाव कुणी नीट पाहिले, नोंदले, तरी पुरेत. लातूर पॅटर्नमध्ये मुलांच्या एकामागून एक चाचण्या घेतात, त्यातही हेच शहाणपण आहे : एका पेपरवर मुलाला तोलू नका.

कॉम्प्युटर लीगचा संशोधनाला फायदा इथंच आहे. तिथं प्रत्येक खेळाडूची खरी क्षमता आपणच ठरवलेली असते. त्यामुळे अंदाज किती चुकला आणि कुणाच्या बाबतीत जास्त चुकला, हे तपासता येतं. खऱ्या मैदानावर ही सोय नसते.

तुमच्या संशोधन आराखड्यात नमुना लिहिताना हे तीन प्रश्न विचारा : मी काय मोजतोय आणि अनुमान कशाचं काढतोय? कोणत्या सरासरीकडे ओढतोय आणि का? आणि माझ्या पद्धतीची चूक कुणाच्या वाट्याला येते? मुलाखतीत पहिल्या दोघांची उत्तरं बरेच जण देतात. तिसऱ्याचं उत्तर तयार ठेवा. आणि त्या दहा फ्री थ्रोवाल्या पोराला करार आज देऊ नका, पण घरीही पाठवू नका. आधी त्याला आणखी शंभर फ्री थ्रो मारू द्या.