पाच शिलिंगांचा नाताळ

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या नाताळातल्या प्रेमकथा समीक्षेच्या वाट्याला फारशा येत नाहीत. डिसेंबरात त्या दुकानांत दर्शनी मांडल्या जातात आणि जानेवारीत मागच्या फळीवर जातात. पण रेचल कोहन आणि डेव्हिड लेव्हिथन यांची ‘डॅश अँड लिलीज बुक ऑफ डेअर्स’ (२०१०) वाचताना मला जाणवत राहिले ते वेगळेच. या हलक्याफुलक्या कादंबरीखाली साडेतीनशे वर्षांचा एक वाद आहे. नाताळ हा रस्त्यावरचा सण की घरातला? आणि ज्याचे घर त्या दिवशी रिकामे आहे त्याने तो कुठे साजरा करायचा?

कथानक असे. लिलीला नाताळ जिवापाड प्रिय, पण आईवडील दूर फिजीला गेलेले. डॅशला नाताळाचा तिटकारा. त्याचे आईवडील विभक्त आहेत आणि मुलगा दुसऱ्याकडे आहे अशी दोघांचीही समजूत त्याने करून दिली आहे. न्यूयॉर्कमधल्या ‘स्ट्रँड’ या पुस्तकांच्या दुकानात, सॅलिंजरच्या एका पुस्तकाशेजारी, त्याला लाल वही सापडते. ती लिलीची. मग ही वही शहरभर फिरते, आणि एकमेकांना न पाहिलेले दोघे तिच्यात एकमेकांना आव्हाने देत राहतात.

आता मागे जाऊ. १६५९ साली मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने कायदा केला. नाताळ म्हणून काम बंद ठेवले, मेजवानी केली किंवा अन्य रीतीने तो पाळला, तर पाच शिलिंग दंड. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाही, हे त्यांचे धर्मशास्त्रीय कारण. त्यांना अधिक खुपत होता तो सणाच्या नावाखाली चालणारा धिंगाणा. सुगी आटोपलेली, दारू मुरलेली, आणि श्रीमंतांच्या दारात जाऊन खाणेपिणे हक्काने मागण्याची जुनी रीत. १६८१ मध्ये कायदा रद्द झाला, पण धाक उरला.

हाच धिंगाणा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या न्यूयॉर्कमध्येही होता. शहर वाढत होते, गरिबांची संख्या वाढत होती, आणि सुखवस्तू घरांना दारावरची थाप नकोशी झाली होती. इतिहासकार स्टीव्हन निसेनबॉम यांनी ‘द बॅटल फॉर ख्रिसमस’ (१९९६) या ग्रंथात दाखवले आहे की आपण ज्याला पारंपरिक नाताळ म्हणतो तो या काळात, बऱ्याच अंशी याच शहरातल्या लेखकांनी घडवला. वॉशिंग्टन अर्विंग यांनी १८०९ च्या आपल्या विनोदी ‘इतिहासा’त सेंट निकोलसला डच न्यूयॉर्कचा पालक संत करून टाकले. १८२३ मध्ये, सहसा क्लेमेंट मूर यांच्या नावावर असलेली, सेंट निकोलसच्या भेटीची कविता निनावी छापून आली. त्या कवितेत चर्च नाही, येशू नाही. झोपलेली मुले आहेत, आणि पाहुणा दारातून नव्हे, धुराड्यातून येतो. तो काही मागत नाही, देऊन जातो. दारावरची थाप अशी मिटवली गेली.

१९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ प्रसिद्ध झाले. सहा हजार प्रती नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत खपल्या. किंमत पाच शिलिंग. जेवढा दंड एकेकाळी सण पाळल्याबद्दल होता, तेवढ्यात आता सणाचे पुस्तक मिळू लागले. दोन काळांतल्या शिलिंगाचे मोल सारखे नव्हते हे खरे, पण योगायोग बोलका आहे. शिवाय त्याच पुस्तकातला गरीब कारकून बॉब क्रॅचिट याचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग. म्हणजे स्वतःची गोष्ट विकत घ्यायला त्याला आठवड्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. सण आणि छापखाना यांचे हे नाते आपल्यालाही परके नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाच्या फराळात मजकुराची भर पडली.

तरुण मुलींची कथा या सणात आली ती लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’मधून (१८६८). कादंबरी सुरू होते ती भेटवस्तूंविना आलेल्या नाताळात. वडील युद्धावर, आणि मुली आपली न्याहारी एका गरीब कुटुंबाला नेऊन देतात. किशोरवयीन प्रेमकथेचा साचा मात्र पुढे, मॉरीन डेली यांच्या ‘सेव्हन्टीन्थ समर’ने (१९४२) रुजवला. तिथे प्रेम उन्हाळ्यापुरते असते आणि ऋतू सरला की संपते. नाताळातल्या प्रेमकथेने ही मुदत महिन्यांवरून दिवसांवर आणली. ‘डॅश अँड लिली’तली प्रकरणे २१ डिसेंबरपासून तारखांनीच पुढे सरकतात. सुट्टी संपेल, मोठी माणसे परततील, त्याआधी भेट व्हायला हवी.

गंमत अशी की ज्या शहरात हा सण रस्त्यावरून उचलून दिवाणखान्यात नेला गेला, त्याच शहरात ही कादंबरी त्याला पुन्हा रस्त्यावर आणते. घर आहे, पण त्यात कुणी नाही. म्हणून मुले पुस्तकांच्या दुकानात, ‘मेसीज’मधल्या सँटापाशी, अनोळखी गर्दीत जातात. सगळीकडे विक्री चालू आहे, आणि डॅशला त्याचाच राग आहे. तरी त्या बाजारातूनच एक वही हातोहात जाते, जिची किंमत कुणी विचारत नाही. या पुस्तकाची गोडी मला स्वस्त वाटत नाही ती यामुळे. एकट्या पडलेल्या मुलाला सणाने काय द्यावे, हा प्रश्न ते टाळत नाही.

भाषांतरकाराला इथे एक जुना पेच पडतो: ‘नाताळ’ की ‘ख्रिसमस’? नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचा अर्थ जन्म. १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ने ही जन्मकथा ओवीत आणली. गुजरातीतही नाताल आहे. बंगालीत ‘बड़दिन’, हिंदीत ‘बडा दिन’, म्हणजे तिथे जन्माऐवजी दिवसच मोठा. मराठी शाळकरी मुलाला मात्र नाताळ म्हटले की आधी सुट्टी आठवते. या शब्दाला भक्तीचा आणि घराचा वास आहे. न्यूयॉर्कच्या दुकानांच्या काचांवर झळकतो तो ख्रिसमस, एकोणिसाव्या शतकात घडवलेला.

या कादंबरीचे मराठी करायचे झाले तर मी एकच शब्द निवडणार नाही. लिलीच्या प्रकरणांत ‘नाताळ’ लिहीन, कारण तिला हवे असते ते घर. डॅशच्या प्रकरणांत ‘ख्रिसमस’, कारण तो दुकानांकडे बघून चिडलेला असतो. वही दोघांच्या हातांतून जाईल तसतसा एकाचा शब्द दुसऱ्याच्या पानात उतरू देता येईल. डॅश पहिल्यांदा ‘नाताळ’ म्हणेल ती जागा शोधण्यासाठी मी सध्या पुस्तक पुन्हा वाचते आहे.