मस्टरवर नसलेलं खातं

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास सांगताना सगळे गिरणीपासून सुरुवात करतात. 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापड गिरणीची जुळवाजुळव केली, 1856 मध्ये ती सुरू झाली, आणि पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, वरळीपर्यंत चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. मग कामगार भरती करणारे जॉबर येतात, भोंगे येतात, लाल बावटा येतो, संप येतात. हे सगळं खरंच आहे. पण एवढी लाखो माणसं दोन वेळा जेवत कुठे होती, हा प्रश्न या इतिहासात क्वचितच कुणी विचारतं. मला तोच आधी पडतो, कारण मी लालबागच्या एका खानावळवालीची मुलगी आहे.

मुंबई त्या काळी पुरुषांचं शहर होतं. 1921 च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा माणूस एकटा यायचा. गिरणीच्या पगारात बिऱ्हाड थाटणं जमत नव्हतं, आणि गावाकडची दीड-दोन एकर जमीन कसायला बायको तिथेच लागायची. मुंबईत तो राहायचा गावकीच्या खोलीत. सगळ्या गावाने मिळून भाडं भरायचं, भिंतीला ज्याची त्याची खुंटी, खाली ज्याची त्याची पत्र्याची ट्रंक. आजरा-चंदगडकडच्या लोकांचे असे गाळे होते, कोकणच्या गावांच्या खोल्या होत्या. दिसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. अशा खोलीत चूल कुठे मांडणार आणि मांडली तरी पेटवणार कोण? म्हणून प्रत्येक चाळीत एक-दोन बिऱ्हाडं अशी असायची की तिथली बाई पंधरा-वीस जणांचं रांधायची.

या बायका आल्या कुठून, हेही पाहायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत काम करणाऱ्यांमध्ये साधारण पाचांत एक बाई होती. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, वाइंडिंग आणि रीलिंगमध्ये, बहुतेक बायकाच असत. पुढे कायद्याने त्यांना रातपाळी बंद झाली. 1929 च्या मुंबईच्या प्रसूती-लाभ कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मालकांवर आला. हे दोन्ही कायदे चांगलेच होते, पण मालकांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की बाई महाग पडते. नवी यंत्रं आली तशी बायकांची खाती आधी आकसली. 1970 च्या दशकापर्यंत गिरणीत बाई शोधावी लागत होती. गिरणीतून बाहेर पडलेल्या किंवा आत जाऊच न शकलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींनी खानावळ घातली. म्हणजे काम त्या गिरणीचंच करत राहिल्या. फक्त त्यांचं नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नव्हतं.

खानावळीचा इतिहास गोडगोड करून सांगणं मला मान्य नाही. गिरणगावात पंगत जातीने बसायची. मराठा-कुणब्यांच्या खानावळी वेगळ्या, भंडाऱ्यांच्या वेगळ्या, महार-चांभारांच्या वेगळ्या. गिरणीतही तेच होतं. साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. आणि पगार तर तिथेच जास्त. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. खांद्याला खांदा लावून मोर्चात चालणारी माणसं संध्याकाळी जेवायला वेगवेगळ्या जिन्यांनी जात होती. आमच्याकडे माझ्या लहानपणी ही शिस्त सैल झाली होती, पण गेली नव्हती. आईकडे बसणारे जवळजवळ सगळे मराठा-कुणबी आणि एक-दोन मालवणी भंडारी, असंच होतं.

आई पाटण तालुक्यातली, वडील साचेखात्यात. आमची खोली दहा बाय बारा, पुढे चाळीची सामाईक गॅलरी. त्या खोलीत अठरा-वीस माणसांचं दोन वेळचं जेवण व्हायचं. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. म्हणजे दिवसात अशी वेळच नव्हती की कुणी ना कुणी भुकेलं नाही. आई चारला उठायची. स्टोव्हची पिन मारून, पंप भरून पहिला तवा चढेपर्यंत बाहेर नळावर भांड्यांची रांग लागलेली असायची. पहिल्या पाळीच्या लोकांचे डबे साडेसहाच्या आत भरावे लागत. दुपारी दोनच्या सुमाराला दुसऱ्या पाळीवाले जेवून निघायचे, चारला पहिल्या पाळीवाले घामाने चिकटलेल्या सदऱ्यांवर कापसाचे तंतू घेऊन यायचे, आणि रात्री बारानंतर येणाऱ्यांची ताटं वाढून, वर परात पालथी घालून ठेवलेली असायची.

पानात काय वाढायचं, हीसुद्धा कसरतच होती. घाटावरच्यांना भाकरी आणि झणझणीत कोरड्यास हवं. कोकणातल्यांना भात आणि आंबट कालवण, त्याशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. आई देशावरची, तिला मासळीतलं काही कळत नव्हतं. शेजारच्या मालवणी वहिनींनी तिला बोंबील साफ करायला, सुकट भाजून कांद्यावर परतायला शिकवलं. मसाला वर्षाचा लालबागच्या मिरची गल्लीतून, डंकावर समोर उभं राहून कुटून घ्यायचा. महिन्यातून एकदा, पगाराच्या रविवारी, मटण. त्या दिवशी गॅलरीत दोन रांगा बसायच्या. शेवटच्या रांगेनंतर आम्हा घरच्यांना रस्सा उरायचा, आणि तो पुरवून खायचा हे आम्हाला सांगावं लागत नव्हतं.

आणि वही. चौकटीच्या कागदांची, जाड पुठ्ठ्याची. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी चौथीत असल्यापासून ती वही माझ्याकडे होती. प्रत्येक माणसाला एक पान, पानावर तारखांचे चौकोन. जेवला की उभी रेघ, न जेवला की खाडा. गावी गेला तर खाडे. जेवणाचे पैसे महिन्याचे. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त खाडे पडले तरच ते वजा व्हायचे, आणि त्यावरून दर महिन्याला थोडी हुज्जत व्हायचीच. नावं गावावरून किंवा खात्यावरून लिहिलेली: धाकटे आजरेकर, रिंगवाले तात्या, बदलीवाला संगमेश्वरी.

त्या बदलीवाल्याचं पान नीट वाचलं तर गिरणीचा धंदा कसा चालत होता ते कळतं. बदली कामगाराने रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. कायम माणूस गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर परत. महिन्यात कधी वीस दिवस काम, कधी आठच. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी गिरणीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण भूक त्याही दिवशी लागते. ते आठ आणि वीसमधलं अंतर आमच्या वहीत उधारी म्हणून पडायचं. दारात हजारो माणसं ताटकळत ठेवणं गिरण्यांना परवडलं, कारण ती माणसं संध्याकाळी कुठेतरी उधार जेवत होती. हे लिहिताना मी शब्द जपून वापरते आहे, तरीही असं म्हणेन की मुंबईच्या कापडधंद्याला या बायकांनी बिनव्याजी भांडवल पुरवलं.

बिनव्याजी त्यांच्याकडून; त्यांना मात्र व्याज भरावं लागायचं. वाण्याकडे महिन्याची उधारी, आणि ती फेडायला सावकार. आई महिना दहा टक्क्यांनी पैसे उचलायची. डोरलं वर्षातले सहा महिने गहाणच असायचं. 1972 च्या दुष्काळात धान्य मिळेना तेव्हा तिने रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकऱ्या थापल्या. त्या थापताना कडेने फाटायच्या, खाताना घशाखाली उतरायच्या नाहीत, आणि वीस माणसं ताटावर बसून गप्प राहायची. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी लाटणं मोर्चाला आमच्या चाळीतल्या बायका गेल्या तेव्हा आईने तवा उतरवून घरातलं लाटणं नेलं होतं.

सावकाराचा फास ढिला झाला तो 1975 नंतर. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव गिरणगावात कामगार चळवळीत काम करत होत्या. संपाच्या काळात कामगारांना जगवणाऱ्या या बायका कुठल्याच युनियनच्या सभासद नाहीत, हे त्यांनी पाहिलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 साली झालं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं धोरण कागदावर होतं. प्रेमाताईंचे यजमान दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे नेते, त्यामुळे बँकेचं दार कुठून ठोठावायचं हे त्यांना ठाऊक होतं. तारणाला बायकांकडे काही नव्हतं. म्हणून गट करायचा आणि एकमेकींना जामीन राहायचं. आमच्या मजल्यावरच्या बायकांचा गट झाला. मंडळातल्या एका कार्यकर्तीने आईचा अर्ज भरला. ‘व्यवसाय’ या रकान्यात ती ‘खानावळ’ असं लिहीत असताना मी शेजारी बसले होते. तोवर शाळेच्या फॉर्मपासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे आईपुढे ‘घरकाम’ लागत होतं. कर्ज हातात आल्यावर तिने आधी सावकाराचे पैसे फेडले, आणि उरलेल्यातून तांदळाची दोन पोती रोखीने घेतली. रोखीने घेतल्यावर पोत्यामागे किती वाचतात हे तिने येईल त्या बाईला सांगितलं.

मग 18 जानेवारी 1982 आली. कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप कामगारांना नवा नव्हता. 1974 चा बेचाळीस दिवसांचा संप आईच्या वहीत होताच, उधारी चढली आणि नंतर उतरली. म्हणून पहिले दोन महिने तिने कुणाला ताटावरून उठवलं नाही. गावी जाऊन येणारे तांदूळ, नाचणी, कुळीथ घेऊन यायचे आणि ते सगळ्यांच्या भांड्यात पडायचं. बँकेचा हप्ता मात्र थांबत नव्हता. उन्हाळा आला तसे लोक गावी जाऊन परत येईनासे झाले. गणपतीपर्यंत आमच्याकडे चौघे उरले. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे खानावळ बंद झाली असा एक दिवसही मला सांगता येणार नाही. माणसं येत गेली नाहीत, एवढंच. आईने नंतर फोर्टातल्या ऑफिसांना डबे दिले, पापड लाटले. वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही.

पुढची गोष्ट जमिनीची. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जागेचा एक तृतीयांश हिस्सा घरांसाठी, एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, असं होतं. 2001 मध्ये ते बदललं आणि वाटा पुष्कळ घटला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. तरी कामगारांच्या संघटनांनी लढून घरं मिळवली आणि 2012 च्या जूनमध्ये म्हाडाची सहा हजार नऊशेवर घरांची पहिली मोठी सोडत निघाली. त्या सुमारास आमचे बदलीवाले संगमेश्वरी, आता म्हातारे, गावाहून आईची चौकशी करत आले. आई तेव्हा नव्हती. त्यांची हजेरीची कार्डं पुरात गेली होती आणि घराच्या अर्जासाठी, 1982 चा संप सुरू होताना आपण मुंबईत कामावर होतो याला पुरावा हवा होता. त्यांना वही आठवली. मी माळ्यावरून ती काढली. 1981 च्या डिसेंबरचं पान होतं, रेघा होत्या, खाडे होते. आम्ही दोघं ती घेऊन अर्ज घेणाऱ्या कचेरीत गेलो. टेबलापलीकडच्या माणसाने आदराने पानं उलटली आणि सांगितलं की भविष्यनिधीची पावती किंवा विमा कार्ड लागेल, हे चालणार नाही. पुढे त्यांच्या पुतण्याने भविष्यनिधीचा जुना क्रमांक शोधून काढला आणि अर्ज दाखल झाला. आईसारख्या बाईने अर्ज करावा असा रकानाच त्या कागदांत नव्हता.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून इतिहास गोळा केला, ते फार मोलाचं काम झालं. पण बोलणारी पिढी आता संपत आली आहे आणि जुन्या चाळी पाडल्या जात आहेत. माळे रिकामे होताना ट्रंका, पितळेची पातेली विकली जातात, कागद रद्दीत जातात. ज्यांच्या घरी आईची, आजीची खानावळीची वही असेल त्यांनी ती रद्दीत देऊ नये. त्यात कुठल्या गावचा माणूस कधी आला ते आहे, महिन्याला जेवणाचा दर किती होता ते आहे, कुठला संप किती दिवस चालला ते आहे, आणि त्या दिवसांत त्याला कोणी जेवू घातलं तेही आहे. माझ्याकडच्या चार वह्यांच्या मी प्रती काढून घेतल्या आहेत. गिरणगावावर काम करणाऱ्या कुणालाही त्या पाहायच्या असतील तर माझी हरकत नाही.