झाडाची नाडी: बृहत्संहितेपासून जांब समर्थच्या मोसंबीपर्यंत

१/
घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव सर्वांना ठाऊक असते ते समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून. शके १५३० च्या रामनवमीला, म्हणजे इ.स. १६०८ मध्ये, नारायण सूर्याजीपंत ठोसर येथे जन्मले. या धाग्याचा विषय मात्र या परिसरातील दुसरी एक ओळख आहे: मोसंबी. अधिक नेमकेपणाने सांगायचे तर, आजारी पडलेले मोसंबीचे झाड आणि त्याला वाचवू पाहणाऱ्या माणसांचा सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास.

२/
प्रारंभी एक कोडे. पाने पिवळी पडली आहेत, कडेने वळली आहेत, शेंड्याकडून फांद्या वाळत आहेत. या झाडाला काय झाले आहे?

उत्तर दोन प्रकारे देता येते आणि ती दोन्ही उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. एक, झाड तहानले आहे. दोन, झाडाच्या मुळांशी इतके पाणी साचले आहे की मुळे कुजली, आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नसल्यामुळे भर पाण्यात उभे राहून झाड तहानेने मरत आहे. वरून पाहणाऱ्याला दोन्हींचा चेहरा एकच दिसतो. मालक घाबरून आणखी पाणी घालतो. पहिल्या झाडाला ते जीवदान ठरते, दुसऱ्याला मृत्यू.

कुंडीतले बोन्साय असो वा गोदाकाठच्या काळ्या भारी जमिनीतली मोसंबी, झाडाच्या वैद्याची खरी कसोटी या निदानात असते.

३/
झाडाला रुग्ण मानण्याची कल्पना आपल्याकडे बरीच जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या शेतीवर देखरेख करणाऱ्या सीताध्यक्षाला वृक्षायुर्वेदाचे ज्ञान असावे, अशी अपेक्षा आहे. माणसाचा आयुर्वेद, हत्तीचा आयुर्वेद, तसा वृक्षांचाही.

४/
हे ज्ञान प्रत्यक्षात कसे होते, हे पाहायचे तर सहाव्या शतकातील वराहमिहिराकडे जावे लागते. उज्जैनचा हा ज्योतिषी. त्याच्या बृहत्संहितेत ग्रहताऱ्यांच्या आणि शकुनांच्या गर्दीत वृक्षायुर्वेदाचा एक छोटा अध्याय आहे. थंडी, वारा आणि ऊन यांमुळे झाडाला रोग होतो असे तो सांगतो आणि लक्षणे देतो: पाने फिकी पडणे, कोवळ्या फुटीची वाढ थांबणे, फांद्या वाळणे आणि झाडातून रस पाझरणे.

हे शेवटचे लक्षण ध्यानात ठेवावे. धागा पुढे त्याच्याकडे परत येणार आहे.

५/
उपचार तो असा सांगतो: प्रथम शस्त्राने रोगट भाग साफ करावा. मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधमिश्रित पाणी घालावे. झाडाला फळ धरत नसेल तर कुळीथ, उडीद, मूग, तीळ आणि सातू घालून उकळलेले दूध थंड करून घालावे.

दूध वाचून हसू येईल, पण क्रम पाहण्यासारखा आहे. आधी सुरी, मग लेप, खाऊपिऊ सर्वांत शेवटी.

६/
पाण्याविषयीचे त्याचे वेळापत्रक तर आजच्या कोणत्याही माळ्याने पाठ करावे असे आहे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात? जमीन वाळली असेल तरच.

वरच्या कोड्याचे अर्धे उत्तर या शेवटच्या अटीत आहे. झाडाच्या पानाकडे पाहून पाणी घालू नये, मातीकडे पाहून घालावे. बोन्साय सांभाळणारे आजही मातीत बोट खुपसून हीच परीक्षा करतात.

७/
अंतराचेही तसेच. दोन झाडांमध्ये वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बारा कनिष्ठ. झाडे फार जवळ असली की मुळे एकमेकांत गुंततात आणि पीडित झाडे नीट फळत नाहीत, हे कारणही तो देतो. हात साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरचा धरला तर आज मोसंबीसाठी सांगितले जाणारे सहा मीटर अंतर त्याच्या 'मध्यम' आणि 'कनिष्ठ' यांच्या मध्ये पडते. वराहमिहिराने आपल्या बागांना फार गुण दिले नसते.

८/
पुढे सुरपालाने या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, 'वृक्षायुर्वेद'. माणसाप्रमाणे झाडालाही वात, पित्त, कफ आहेत असे मानून त्याने रोगांची मांडणी केली. वाताने खोड बारीक व वाकडे होते, त्यावर गाठी येतात. पित्ताने पाने पिवळी पडतात, फळे अकाली गळतात. कफाने फळ यायला उशीर होतो आणि ते बेचव लागते. त्याचे प्रसिद्ध औषध म्हणजे कुणपजल. 'कुणप' म्हणजे प्रेत. प्राण्यांचे मांस, चरबी, मज्जा शिजवून आंबवलेले हे खत होते. आज याच नावाने वनस्पतींपासून केलेली आवृत्तीही वापरली जाते; मूळ ग्रंथ तितका सोवळा नव्हता.

या ग्रंथाची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. ती मिळवून सिकंदराबादच्या एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने १९९६ मध्ये नलिनी साधले यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

९/
मराठवाड्याच्या अधिक जवळचा धागा कल्याणीच्या चालुक्यांचा. राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या विश्वकोशात स्वयंपाकापासून हत्तींपर्यंत सारे काही आहे, त्यात उपवने आणि झाडांची निगाही आहे. जुन्या मराठीचे अभ्यासक हा ग्रंथ वेगळ्या कारणासाठी उघडतात, पण तो आणखी एखाद्या धाग्याचा विषय.

१०/
आणि समर्थ? त्यांच्या रचनांत 'बाग प्रकरण' म्हणून ओळखली जाणारी एक रचना आहे. ती वाचताना आश्चर्य वाटते, कारण ती जवळजवळ केवळ यादी आहे: झाडे, वेली, फळे, फुले, एकामागून एक नावे. यादी आंब्या-फणसापासून सुरू होत नाही, काटेरी झाडाझुडपांपासून सुरू होते. बाग लावणाऱ्याला आधी कुंपण सुचते, असा त्याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. आजारी झाडांचे उपचार मात्र त्यात नाहीत. परंपरेनुसार समर्थांची टाकळीची तपश्चर्या १६३२ मध्ये संपली आणि ते देशाटनाला निघाले, तेव्हा दख्खन १६३०–३२ च्या भीषण दुष्काळातून जात होता. लहानपण गोदावरीच्या खोऱ्यात गेलेल्या माणसाला बाग किती नाजूक वस्तू आहे, हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

११/
समर्थ टाकळीला असतानाच, इ.स. १६२५ पासून, जपानमध्ये एका पाइन वृक्षाला कुंडीत वळण दिले जाऊ लागले. यामाकी कुटुंबाचे हे बोन्साय ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात होते, स्फोटकेंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर. अंगणाच्या भिंतीआड असल्याने ते वाचले. १९७६ मध्ये यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिले. त्याची हिरोशिमाची कथा तेथील लोकांना कळली ती २००१ मध्ये, त्यांचे नातू झाड पाहायला आले तेव्हा.

(बोन्साय मूळचे भारतीय, असा दावा अधूनमधून फिरत असतो. चीनमध्ये इ.स. ७०६ च्या झांगह्वाई राजपुत्राच्या थडग्यातील भित्तिचित्रात तबकातले लघुउद्यान हातात धरलेले सेवक दिसतात. या तोडीचा पुरावा समोर येईपर्यंत तो दावा बाजूला ठेवावा.)

१२/
इतकी वर्षे कुंडीत झाड जगते कसे? त्याच्या मागण्या वेळोवेळी कमी केल्या जातात म्हणून. बोन्साय आजारी पडले आणि माती ओली असूनही पाने झडू लागली, तर ते कुंडीतून अलगद बाहेर काढतात. काळी, मऊ पडलेली मुळे कापतात, पांढरी, टणक मुळे ठेवतात. पाणी झटकन निचरणाऱ्या भरड मातीत ते पुन्हा बसवतात आणि सावलीत ठेवतात. उरलेल्या मुळांना पेलवेल इतकाच पर्णभार ठेवतात. खत अजिबात घालत नाहीत. नवशिक्याची चूक येथेच होते: दुबळ्या झाडाला टॉनिक म्हणून तो खत देतो आणि उरलीसुरली मुळे जाळतो.

१३/
आता पुन्हा जालना जिल्ह्यात. मोसंबी मूळची इथली नाही. तिच्या नावाचा संबंध मोझांबिकशी जोडला जातो. आज मात्र जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्रही आहे. या झाडाचा जुना वैरी म्हणजे डिंक्या. पाणी साचणाऱ्या जमिनीत फायटोफ्थोरा हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव मुळांवर आणि बुंध्यावर हल्ला करतो, साल फाटते आणि तेथून डिंक पाझरू लागतो.

वराहमिहिराचे चौथे लक्षण: झाडातून रस पाझरणे.

१४/
फायटोफ्थोरा हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी याने १८७६ मध्ये दिले. अर्थ, वनस्पतींचा नाश करणारा. याच कुळातील दुसऱ्या एका जातीने १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा नासवला आणि तेथे महादुष्काळ पडला.

औषध सापडले ते द्राक्षांच्या निमित्ताने. फ्रान्सच्या बोर्दो परिसरात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडत. १८८२ मध्ये मियार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की केवडा रोगाने इतर वेली उघड्या पडल्या, पण या निळ्या वेलींची पाने शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण प्रसिद्ध केले. बोर्डो मिश्रण ते हेच.

१५/
डिंक्या झालेल्या मोसंबीवर आजचा उपचार असा: धारदार चाकूने रोगट साल खरवडून काढावी, मग एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी, आणि बुंध्याशी पाणी साचू देऊ नये.

सुरी, लेप, मग पाणी बेताने. दीड हजार वर्षांनी लेपातले पदार्थ बदलले आहेत, क्रम बदललेला नाही. मात्र यावरून प्राचीनांना सूक्ष्मजीव ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वराहमिहिराचे कारण थंडी-वारा-ऊन, सुरपालाचे वात-पित्त-कफ. कारणमीमांसा चुकली आणि निरीक्षण अचूक राहिले, असे इतिहासात अनेकदा घडते. त्यांची थोरवी त्या निरीक्षणात आहे. ती वाढवून सांगण्याची गरज नाही.

१६/
कोड्याची दुसरी बाजू राहिली: खरी तहान.

गंमत अशी की मोसंबीचा बागायतदार झाडाला मुद्दाम तहानलेले ठेवतो. आंबे बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात. याला 'ताण देणे' म्हणतात. ताण बसला की पाने गळतात, आणि पाणी मिळताच झाड फुलून येते. म्हणजे नेमका किती त्रास दिला असता झाड फुलते आणि किती दिल्याने मरते, हे येथील शेतकऱ्याला नेमके ठाऊक असावे लागते.

१७/
२०१२ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात ताण कधी थांबवायचा हे शेतकऱ्याच्या हाती उरले नाही. विहिरी आटल्या. बागांना टँकरने, विकतचे पाणी घालण्यात आले. त्या काळात सांगितले गेलेले उपाय असे होते: बहार धरू नये, असलेली फळे काढून टाकावीत, फांद्यांची हलकी छाटणी करावी, आळ्यात पाचट किंवा भुसा पसरावा, पानांतून पाणी उडू नये म्हणून केओलिन फवारावे, झाडाशी मडके पुरून त्यातून थेंबथेंब पाणी मुरू द्यावे.

उरलेल्या मुळांना पेलवेल इतकेच झाड ठेवायचे. बोन्साय वाचवणारा कुंडीत जे करतो, ते येथे एकरांवर करावे लागले. फरक एवढाच की बोन्सायवाल्याची फळे विकून घर चालत नसते. बहार सोडणे म्हणजे त्या बहाराचे सारे उत्पन्न सोडणे.

१८/
अनेकांना तेही परवडले नाही. वाळलेल्या बागांवर कुऱ्हाडी चालल्या. मोसंबीचे कलम लावल्यापासून फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. ज्याने २०१३ मध्ये बाग तोडली आणि त्याच पावसाळ्यात नवी कलमे लावली, त्याला पहिल्या बहारासाठी २०१७-१८ पर्यंत थांबायचे होते. मध्ये २०१४ आणि २०१५ चे दोन कोरडे पावसाळे यायचे बाकी होते.