घरगुती संगणकासाठी विषाणूरोधक सॉफ्टवेअरची निवड

विषाणूरोधक सॉफ्टवेअर (रूढ नाव: अँटिव्हायरस) म्हणजे संगणकात शिरणाऱ्या अपायकारक आज्ञावली ओळखून त्यांना अटकाव करणारे व त्या काढून टाकणारे सॉफ्टवेअर होय. घरगुती संगणकासाठी ते निवडताना 'सर्वांत चांगले कोणते?' असे प्रथम विचारले जाते. वास्तविक संगणकाची कार्यप्रणाली अद्ययावत आहे का आणि तो इंटरनेटला किती वेळ जोडलेला असतो, हे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत.

पार्श्वभूमी

संगणक-विषाणू आरंभी फ्लॉपीवरून पसरत. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे ते संगणकदुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी आज्ञावली लिहिल्या. त्यांतूनच १९९५ साली डॉस प्रणालीसाठी 'क्विक हील' तयार झाले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या त्यांच्या कंपनीचे नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले व २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. त्या काळच्या विंडोजमध्ये अंगभूत विषाणूरोधक नसे, म्हणून नव्या संगणकाबरोबर विक्रेत्याकडून अँटिव्हायरसची सीडी घेणे रास्तच होते. सवय टिकली; परिस्थिती मात्र बदलली.

अंगभूत संरक्षण

२०१२ च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' हे विषाणूरोधक विंडोजबरोबरच मिळते. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र संस्था अशा सॉफ्टवेअरची नियमित चाचणी घेतात. अलीकडच्या वर्षांत त्यांच्या चाचण्यांत डिफेंडर विकतच्या सॉफ्टवेअरच्या जवळपास उतरले आहे. अभ्यास, लेखन व पत्रव्यवहार एवढ्याच कामासाठी संगणक वापरणाऱ्या घराला ते बहुधा पुरते.

यास एक महत्त्वाचा अपवाद आहे. नवा विषाणू ओळखण्यासाठी डिफेंडर दूरच्या सर्व्हरला विचारणा करते. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या अहवालांत इंटरनेट असतानाची व नसतानाची ओळख वेगवेगळी नोंदवलेली असते, आणि इंटरनेट नसताना डिफेंडरची ओळख लक्षणीय घटते, असे त्यांत दिसते. जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावी संगणकाला पुष्कळदा मोबाइलवरून लागेल तेवढ्यापुरतेच इंटरनेट दिले जाते. प्रकल्पाची प्रत छापण्यासाठी पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि तेथील संगणकाला लागून घरी परततो. अशा घराने अहवालातील 'ऑफलाइन' स्तंभ अवश्य पाहावा. त्यात वरचढ ठरणारे विकतचे सॉफ्टवेअर येथे खरोखर उपयोगी पडू शकते. जाहिराती हा स्तंभ सहसा दाखवीत नाहीत.

कार्यप्रणाली

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. त्याने वापरलेला विंडोजमधील दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. त्याच वर्षी २७ जूनला तोच दोष इतर मार्गांसह वापरणाऱ्या 'नॉटपेट्या'ने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मुदत संपलेल्या विंडोजवर महागडा अँटिव्हायरस बसवणे म्हणजे मोडक्या कवाडाला नवे कुलूप लावणे होय.

इतर निकष

एका संगणकावर सतत पहारा देणारे एकच विषाणूरोधक असावे. दोन बसवल्यास ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात व संगणक मंदावतो. दुसरे विषाणूरोधक बसवताच डिफेंडर सामान्यतः स्वतःहून मागे सरते. वर्गणी संपलेल्या सॉफ्टवेअरचे चिन्ह पडद्यावर राहते, परंतु नव्या विषाणूंच्या नोंदी येणे थांबते. खुंटीला टांगलेला पहारेकऱ्याचा गणवेश तो हाच. म्हणून पहिल्या वर्षाच्या सवलतीबरोबर नूतनीकरणाचा दरही पाहावा. फुकट वाटल्या जाणाऱ्या 'क्रॅक' प्रती तर अनेकदा विषाणूंचेच वाहन असतात.

विषाणूरोधकाला संगणकातील प्रत्येक फाइल वाचता येते. त्यामुळे निर्मात्याची विश्वासार्हताही तपासावी लागते. अव्हास्टने वापरकर्त्यांच्या इंटरनेट-वापराची माहिती विकल्यावरून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची जबाबदारी टाकली. त्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून रशियाच्या कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली.

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेमार्फत चालणारे 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून विषाणू काढण्याची साधने विनामूल्य देते. ती बाधित संगणक साफ करण्यासाठी आहेत. कायमच्या पहाऱ्याची जागा ती घेत नाहीत.

मर्यादा

वापरकर्त्याने स्वतःच ओटीपी सांगितला किंवा अनोळखी माणसाच्या फोनवरून दूरनियंत्रणाचे अ‍ॅप उतरवून घेतले, तर विषाणूरोधक बहुधा काहीच करू शकत नाही. त्याच्या दृष्टीने ते अ‍ॅप वैध असते. अशा फसवणुकीत पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते. खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केलेल्या फाइलीही विषाणू काढल्याने आपोआप उघडत नाहीत. त्यासाठी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतात आणि काम झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवतात, कारण जोडलेली डिस्कही त्याच विषाणूच्या तावडीत सापडते.