परसातली कोंबडी आणि शेजारधर्म

वसईच्या वाडीत केळीची बाग, विहीर आणि परसदारी कोंबड्यांचे खुराडे ही एकेकाळी घराची ओळखच होती. सणाला पाहुणे आले की झापाखालचा कोंबडा बाहेर निघे. घरातलेच कोणी जाणते माणूस तो कापी, गरम पाण्यात बुडवून पिसे काढली जात आणि सायंकाळी वाटपाचा वास गल्लीभर दरवळे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आज त्याच गल्लीत इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि ज्या थोड्या घरांनी खुराडे राखले आहे, त्यांना शेजाऱ्यांच्या नजरेला, प्रश्नांना आणि कधी तक्रारींनाही तोंड द्यावे लागते. ही नजर नवी आहे असे आपण समजतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

आपल्या सोपाऱ्यापासूनच सुरुवात करू. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तर १९५६ साली भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी यात्रा करीत, आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, असे अशोकाने आठव्या लेखात सांगितले आहे. प्राण्याचा जीव घेण्याविषयीचा विचार आपल्या या किनाऱ्यावर तेवीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला होता, ही गोष्ट लहान नव्हे. याच सम्राटाने पहिल्या शिलालेखात आपल्या मुदपाकखान्यातील हत्या दोन मोर आणि एक हरीण एवढ्यावर आणल्याचे नमूद केले आहे. पाचव्या स्तंभलेखात त्याने अवध्य जिवांची यादी दिली आहे. तीत पोपट, मैना, हंस, चक्रवाक आहेत, कोंबडा नाही. कोंबड्याचे खच्चीकरण करू नये, एवढे मात्र तो आवर्जून बजावतो. मारण्याची सरसकट बंदी नाही, पण विनाकारण यातनेची मनाई आहे. ही विवेकाची रेषा आजही उपयोगी पडणारी आहे.

दुसरी रेषा शुद्धाशुद्धतेची. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना गावकोंबडा वर्ज्य सांगितला असून लसूण, कांदा यांच्या पंक्तीत त्याची गणना केली आहे. येथे आक्षेप हत्येला नाही, उकिरड्यावर चरणाऱ्या पक्ष्याच्या अशुद्धतेला आहे. शेजाऱ्याच्या कपाळावरची आठी कधी दयेपोटी असते, कधी सोवळ्यापोटी. दोहोंना एकच उत्तर लागू पडत नाही. गंमत अशी की, या पक्ष्याचे आपल्या मातीशी रक्ताचे नाते आहे. सध्याच्या संशोधनानुसार कोंबडी प्रथम माणसाळली ती आग्नेय आशियात. पण अनेक कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा गुण सह्याद्रीत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांत अन्न ही धर्माची खूण बनली. विहिरीत पाव टाकून बाटवल्याची दंतकथा आजही सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, कोण काय खातो यावरून माणूस ओळखण्याची सवय तिच्यातून स्पष्ट दिसते. याच काळात ख्रिस्ती पंचांग आपल्या परसात आले. पोर्तुगीज भाषेत नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला 'कोंबड्याची मिस्सा' म्हणतात. प्रायश्चित्तकाळात जुन्या नियमाप्रमाणे मांसाबरोबर अंडेही वर्ज्य असे. पुनरुत्थानाच्या सणाला अंड्याला मान मिळाला तो त्यामुळेच.

तरीही वाडीतले शेजारी परस्परांपासून तुटले नाहीत. कोळी, आगरी, वाडवळ, आदिवासी यांच्या घरीही कोंबडी होतीच. कोळी बांधव एकवीरेला कोंबड्याचा नवस फेडीत आणि वारली पाड्यांवर देवाला कोंबडा चढे. आषाढी अमावास्येला त्यांच्याकडे मटण-कोंबडीचा बेत झाला की श्रावण सुरू होई. आपल्याकडे राखेच्या बुधवारापासून तसाच संयम पाळला जाई. एकमेकांचे उपवास ठाऊक असल्याने केव्हा खावे आणि केव्हा थांबावे हे कोणाला शिकवावे लागत नसे.

ही घडी विस्कटली ती दोन कारणांनी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत बांधकामाची लाट आली, तिच्याविरुद्ध हरित वसईचे आंदोलन उभे राहिले आणि २००९ साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. वाडीचे रीतिरिवाज ठाऊक नसलेली हजारो कुटुंबे शेजारी राहावयास आली. दुसरे कारण ब्रॉयलर कोंबडी. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केल्यानंतर देशात कोंबडीपालन हा मोठा उद्योग झाला. गावठी कोंबडा तयार होण्यास पाच-सहा महिने लागतात. ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत विक्रीस येतो. मांस पिशवीतून घरी येऊ लागले आणि खाणाऱ्याचा मरणाशी संबंध उरला नाही. म्हणूनच दुकानातील कोंबडी आवडीने खाणारा माणूस परसातल्या सुरीकडे पाहून नाक मुरडतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा घराघरांतल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. त्यामुळे आरोग्याची भीतीही केवळ काल्पनिक म्हणता येत नाही.

अशा प्रसंगी संत पौलाने करिंथच्या मंडळीला दिलेला सल्ला आठवतो. मूर्तीला वाहिलेल्या मांसावरून तेथे वाद माजला होता. पौलाचे म्हणणे असे की, बाजारात विकले जाणारे मांस खाण्यास विवेकाची अडचण नाही. पण आपल्या खाण्याने बंधूला ठेच लागत असेल, तर ते सोडण्याचीही तयारी हवी. रोमकरांस लिहिताना तो दोन्ही बाजूंना तोलून धरतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये.

याचा आपल्या घरांसाठी अर्थ साधा आहे. कोंबडे कापणे आडोशाला, धारदार सुरीने आणि क्षणात व्हावे; पिसे व आतडी उघड्या गटारात न टाकता खोल पुरावीत. शेजाऱ्याची एकादशी वा पर्युषण असेल, तर तो दिवस टाळण्यात आपले काही जात नाही. विनाकारण यातना न देता अन्नासाठी प्राणी मारणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा नाही. मात्र शहरी हद्दीत कत्तलीवर निर्बंध आहेत, ते पालिकेकडून आधी समजून घ्यावेत. कोणी दयेपोटी विचारले, तर त्याच्या दयेचा मान राखावा आणि आपली कोंबडी पिंजऱ्यात नव्हे तर उन्हात, मातीत वाढली हे सांगावे. हिणवणाऱ्याशी वाद घालण्यात मात्र काही हशील नाही.

घरातल्या मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ज्या पिलाला मुलाने दाणे टाकले, त्याच्यासाठी त्याने डोळ्यांत पाणी आणले तर त्याला हसू नये आणि ताटातले मांस दुसऱ्या कोणाचे असल्याची थापही मारू नये. त्या दिवशी त्याने खाल्ले नाही तरी चालेल. जेवणाआधीची आपली प्रार्थना कशाबद्दल आभार मानते, हे त्याला कदाचित त्या दिवशीच प्रथम उमगेल.