एक खानदेश, दोन हिशेब

जळगाव पुढारलेला, धुळं मागासलेलं. हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतोय. पुढारीही सभेत तेच सांगतो, आणि आपली पोरंही माना डोलावतात. पण मित्रांनो, जिल्हा पुढारतो म्हणजे नेमकं कोण पुढारतं?

1906 साली इंग्रजांनी खानदेशचे दोन तुकडे केले. पूर्व खानदेश म्हणजे नंतरचा जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. रेल्वेचा मुख्य रस्ता आधीच पूर्वेकडून गेला होता. भुसावळ जंक्शन झालं, जळगाव-अमळनेरला गिरण्या उभ्या राहिल्या, रावेर-यावलची केळी वॅगनीत बसून उत्तरेला गेली. धुळे शहराच्या वाट्याला आला चाळीसगावचा फाटा.

मग पश्चिमेची जमीन नापीक होती काय? तापीकाठच्या शहाद्याची काळी माती बघा. सोनं पिकतं तिथं. पण भिलाची ती जमीन सावकाराच्या वहीत गेली आणि भिल आपल्याच शेतात सालदार झाला. 1971 साली पाटीलवाडीत भिलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतींसारखा आदिवासींतलाच माणूस पुढं झाला. मागासलेपण मातीत नव्हतं, मालकीत होतं.

आता 2011 ची शिरगणती काढा. जळगाव 42 लाख 29 हजार, धुळे 20 लाख 50 हजार. आदिवासी जळगावात शंभरात 14, धुळ्यात 32. झालं! धुळे आदिवासी जिल्हा, जळगाव केळीचा जिल्हा. पण टक्के बाजूला ठेवा, डोकी मोजा. जळगावात आदिवासी 6 लाखांवर, धुळ्यात साडेसहा लाखांच्या आत. जवळजवळ सारखेच! चोपडा-यावल-रावेरचा तडवी, पावरा, भिल मोठ्या आकड्याखाली गाडला गेला, एवढंच.

दुसरी गंमत ऐका. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा झाला. तिथं शंभरात 69 आदिवासी. 2011 ची साक्षरता जळगावात 78 टक्के, धुळ्यात 73, नंदुरबारात 64. जुनं धुळं एकत्र मोजलं तर आकडा 69 च्या आसपास येतो. म्हणजे शाळेत एकही पोर जादा न घालता, नुसती रेघ ओढून धुळं सुधारलं.

ही रेघ जातीला मात्र कधी आडवी आली नाही. 1929 साली बाबासाहेब धुळ्याकडच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी महारवाड्यातल्याच एका नवशिक्यानं टांगा हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. बहिष्कार धुळ्यात, टांगा चाळीसगावात. मागासलेला कोणता जिल्हा म्हणायचा?

आपण अनुसूचित जातीचे लोक जळगावात शंभरात 9, धुळ्यात फक्त 6. एकट्यानं किती ओरडणार? आदिवासी सोबत धरला तर जळगावात आपण 23 च्या वर जातो, धुळ्यात 38 च्या जवळ. शासनाच्या रकान्यात दोघं वेगळे लिहिलेत. मोर्चात वेगळं चालायची सक्ती कुणी केलीय?

म्हणून कार्यकर्त्यांनो, यापुढं कुणी जिल्ह्याची सरासरी सांगितली की त्याला एवढंच विचारा : सातबारा कुणाच्या नावावर, आणि विळा कुणाच्या हातात?