गिऱ्हाईक दुकानात पडलं, भरपाई कुणी द्यायची? समजून घ्या व्यवसायाचा 'थर्ड पार्टी' विमा

ट्रॅक्टर असो की मोटारसायकल, 'थर्ड पार्टी' विमा म्हणजे काय हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई विमा कंपनी देते. मोटार वाहन कायद्यानुसार तो विमा काढावाच लागतो. पण दुकान, पिठाची गिरणी, हॉटेल, मंगल कार्यालय किंवा कृषी पर्यटन केंद्र चालवणारे असा विचार सहसा करत नाहीत. व्यवसायाच्या जागेत मालकाच्या हलगर्जीपणामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली, तर भरपाई मालकाच्याच अंगावर येते. हा भार उचलणाऱ्या विम्याला 'पब्लिक लायबिलिटी' म्हणजेच सार्वजनिक दायित्व विमा म्हणतात.

बँकेने विमा काढलाय, मग हा कशाला?

व्यवसायासाठी कर्ज घेताना बँक विमा काढायला लावते. त्यामुळे आपला विमा आहेच, असं अनेकांना वाटतं. पण तो विमा बहुतेक वेळा फक्त मालमत्तेचा असतो. आग, पूर, वादळ यात इमारत, मशीन किंवा माल गेला तर त्यातून पैसे मिळतात. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक स्वरूपाची पॉलिसी मिळते. तीही मालमत्तेचीच आहे. दुकानाचा बोर्ड पडून गिऱ्हाइकाचं डोकं फुटलं, तर तिचा उपयोग नाही.

काही कंपन्यांच्या 'शॉपकीपर' पॉलिसीत मात्र आग, चोरी यांच्याबरोबर पब्लिक लायबिलिटीचा वेगळा भाग घेता येतो. तो आपण घेतलाय का, हे पॉलिसीच्या कागदावर बघावं लागतं.

यातून काय मिळतं?

समजा, कृषी पर्यटन केंद्रातल्या शेततळ्याला कुंपण नव्हतं आणि पाहुण्यांचं पोरगं आत पडलं. किंवा मंगल कार्यालयाचा मांडव कोसळून वऱ्हाडी जखमी झाले. अशा वेळी कोर्टाने मालकाला जबाबदार धरलं, तर दवाखान्याच्या खर्चाची, अपंगत्वाची किंवा मृत्यूची भरपाई पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत कंपनी देते. कंपनीच्या संमतीने केलेला वकिलाचा खर्चही यात धरला जातो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा अपघात विमा नाही. दुकानात कुणी पडलं की लगेच पैसे मिळाले, असं होत नाही. मालकाची कायदेशीर जबाबदारी ठरली तरच कंपनी पैसे देते. चूक पडणाऱ्याचीच असेल, तर कंपनी मालकाच्या बाजूने दावा लढवते.

हा विमा फक्त कारखानदारांसाठी असतो असंही नाही. मुंबईच्या किंग्ज सर्कल इथल्या जीएसबी सेवा मंडळाने २०२३ च्या गणेशोत्सवासाठी ३६० कोटी रुपयांहून मोठा विमा घेतला होता. त्यात २० कोटींचा भाग पब्लिक लायबिलिटीचा होता. गावच्या मंडळाला, यात्रा कमिटीला किंवा कुस्त्यांचं मैदान भरवणाऱ्यांनाही त्यांच्या गरजेइतका असा विमा घेता येतो.

कशाचे पैसे मिळत नाहीत?

- स्वतःचे कामगार: गिरणीत कामाला असलेल्या माणसाचा हात पट्ट्यात सापडला, तर तो 'बाहेरचा' माणूस धरला जात नाही. कामगाराला भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी १९२३ पासून कायद्यात आहे. तिच्यासाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.
- विकलेला माल: बचत गटाचं लोणचं खाऊन कुणी आजारी पडलं, तर त्यासाठी 'प्रॉडक्ट लायबिलिटी' ही वेगळी पॉलिसी लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या तरतुदींनुसार सदोष मालासाठी बनवणाऱ्याकडे आणि काही बाबतीत विकणाऱ्याकडेही भरपाई मागता येते.
- गाडीचे अपघात: त्यासाठी मोटार विमाच लागतो.
- मुद्दाम केलेलं नुकसान, सरकारी दंड: हे पॉलिसीत बसत नाही.
- पूर, भूकंप यांमुळे आलेली जबाबदारी: बऱ्याच पॉलिसींत ही जादा प्रीमियम भरल्यावरच मिळते.

पॉलिसी घेताना हे चार आकडे बघा

१. एका अपघाताची मर्यादा: एका घटनेला कंपनी जास्तीत जास्त किती देणार.

२. वर्षाची मर्यादा: सगळ्या घटना मिळून वर्षभरात किती देणार. पॉलिसीत हे प्रमाण १:१, १:२ असं लिहितात. १:२ म्हणजे एका अपघाताला ५ लाख असतील, तर वर्षभरात १० लाख.

३. एक्सेस: प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम. प्रीमियम कमी दिसला, तर एक्सेस किती ठेवलाय ते आधी विचारा.

४. तारखा: या विम्यात बहुतेक वेळा घटना आणि दावा दोन्ही पॉलिसीच्या दिलेल्या तारखांत बसावे लागतात. नूतनीकरण चुकलं आणि जुन्या घटनेची नोटीस नंतर आली, तर अडचण होते.

प्रपोजल फॉर्म एजंटला कोरा सही करून देऊ नका. जागा किती, गर्दी किती, गॅस, फटाके, रसायनं ठेवता का, हे खरं खरं लिहा. फॉर्ममध्ये लपवलेली गोष्ट पुढे दावा नाकारायला कारण ठरते.

गावात आपसात मिटवण्याआधी थांबा

आपल्याकडे अपघात झाला की चार माणसं बसतात आणि प्रकरण मिटवतात. २००७ च्या तंटामुक्त गाव मोहिमेपासून अनेक गावांत समितीसमोर तडजोड होते. वाद गावातच मिटला तर चांगलंच. पण विमा असेल, तर इथेच घात होतो. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, रक्कम ठरवायची नाही, अशी अट या पॉलिसीत असते. मालकाने 'चूक माझी, दोन लाख देतो' असं कागदावर लिहून दिलं, की कंपनी हात वर करू शकते.

म्हणून क्रम असा ठेवा:

- जखमीला आधी दवाखान्यात न्या. माणुसकी म्हणून केलेल्या मदतीला कुणी अडवत नाही.
- जागेचे फोटो काढा. पाहणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर लिहून घ्या.
- कंपनीला त्याच दिवशी फोन करा आणि ईमेलने किंवा लेखी कळवा. पोच जपून ठेवा.
- वकिलाची नोटीस किंवा कोर्टाचं समन्स आलं, तर लगेच कंपनीकडे पाठवा.
- तडजोड करायची असेल, तर रक्कम आधी कंपनीला सांगून लेखी संमती घ्या. मगच बैठकीत बोला.

सक्तीचा आहे का?

साध्या दुकानाला नाही. मात्र भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त धोकादायक रसायनं किंवा वायू हाताळणाऱ्यांना हा विमा सक्तीचा आहे. अशा ठिकाणी अपघात झाला, तर या कायद्याखालची मदत मिळायला चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो.

घरच्या गॅसचाही असाच विमा

घरगुती गॅसचा अपघात झाला, तर तेल कंपन्यांनी काढलेला विमा असतो. ग्राहकाला त्याचा प्रीमियम भरावा लागत नाही. सिलिंडरमुळे लागलेल्या आगीत मृत्यू झाल्यास एका व्यक्तीमागे ६ लाख रुपये, उपचारासाठी एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ लाख रुपये आणि घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. घराची भरपाई कनेक्शनच्या नोंदवलेल्या पत्त्यावरच मिळते. अपघात झाल्यावर वितरकाला ताबडतोब लेखी कळवा.

दावा नाकारला तर?

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही, तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर जाता येतं. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय किंवा सूक्ष्म उद्योग असेल, तर विमा लोकपालाकडेही तक्रार करता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. नकाराचं पत्र मिळाल्यापासून एका वर्षात तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षांपर्यंत खुला असतो.

दुकानाची पॉलिसी कपाटात असेल, तर ती बाहेर काढून त्यात 'पब्लिक लायबिलिटी' हे शब्द आणि त्यापुढचा आकडा शोधा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल, तर आज गिऱ्हाइकाला झालेल्या इजेचा खर्च तुमच्याच गल्ल्यातून जाणार, हे धरून चला.